श्रीमंतांच्या रोगाने बिऱ्हाड बदलले

गेल्या वैशाखातली गोष्ट. जळगावचा वैशाख ज्याने एकदा भोगला आहे त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास घुटमळत असतो, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि नेमक्या ह्याच दिवसांत खानदेशातल्या घरोघरी वाळवणांची धांदल उडालेली असते. आमच्याही गच्चीवर त्या दिवशी बिबडे घातले होते. दुपारी ते उलटवायला आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी वर गेल्या. अर्धा-पाऊण तास तरी त्या तिथे असतील. पायांत काही नव्हते. चपला खाली, दाराबाहेर, गेली आठ वर्षे ज्या जागी त्या काढून ठेवीत आल्या आहेत त्याच जागी होत्या.

संध्याकाळी त्या भांडी घासायला पुन्हा आल्या तेव्हा माझ्या मुलीचे लक्ष गेले. ती ओरडलीच, "मावशी, तुमच्या पायाला काय झालंय?"

मावशींनी पाय उचलून पाहिला. तळव्याला रुपयाएवढे दोन फोड आले होते. त्यांतला एक फुटून फरशीवर ओले ठसे उमटले होते. मावशी अमळनेरकडच्या. घाईगडबडीत त्यांच्या तोंडून अहिराणीच निघते. "माले काय व्हयनं?" असे म्हणून त्या खरोखरीच्या नवलाने त्या फोडांकडे पाहत राहिल्या. पाय भाजला हे त्यांना कळलेच नव्हते!

माझ्या मात्र पोटात गोळा आला. मला स्वतःला गेली तीन वर्षे मधुमेह आहे, आणि पायाला चटका बसूनही तो कळत नाही ह्याचा अर्थ काय, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत समजावून दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना घेऊन दवाखाना गाठला. रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, "हे दुखणं काल-परवाचं नाही. कित्येक वर्षं अंगात मुरलेलं आहे."

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट पाहत उभे असताना मावशींनी मला विचारले, "सर, हा तर मोठ्या लोकांचा आजार. आमच्या घरी कसा आला?"

हा प्रश्न घेऊन मी पुढचे तीन-चार महिने हिंडलो. मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा मास्तर आहे. परंतु मास्तराला वाचायची खोड असते, आणि ह्या वेळी वाचण्याला कारण घरातच घडले होते. जे हाती लागले ते आपल्यासारख्या घरसंसारी वाचकांपुढे ठेवीत आहे. मावशींचा प्रश्न जितका त्यांच्या घरचा तितकाच तो आपल्याही घरचा आहे, असे मला आता वाटू लागले आहे.

गल्लीतले शेटजी

माझे बालपण धुळ्यात गेले. सरळ रेषेत आखलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या गल्ल्या अनेक वाचकांना ठाऊक असतील. आमच्या गल्लीत त्या काळी, म्हणजे १९८५ ते १९९० च्या सुमारास, मधुमेहाचे म्हणून माहीत असलेले गृहस्थ एकच : तेलाचे एक मोठे व्यापारी. गल्लीतला पहिला फ्रीज त्यांच्याकडे आला, आणि त्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या असत. "शेटजींना साखरेचा आजार आहे हो!" असे बायका एकमेकींना सांगत, तेव्हा त्या 'आहे हो' मध्ये सहानुभूतीपेक्षा कौतुकाचाच भाग अधिक असे. गिरणीतल्या कामगाराला खोकला व्हावयाचा, हमालाची कंबर धरावयाची, आणि शेटजींना मधुमेह व्हावयाचा. जसे घर तसे दुखणे, अशी आमची सरळ समजूत होती.

मावशींची समजूत ह्याहून वेगळी नव्हती. किंबहुना माझीही कालपरवापर्यंत तीच होती.

वास्तविक आपल्या जुन्या ग्रंथकारांची दृष्टी आमच्यापेक्षा साफ होती. सुश्रुतसंहितेत ह्या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक जन्माबरोबर येणारा, आणि दुसरा चुकीच्या आहारविहाराने जडणारा. पहिल्यातला रोगी कृश आणि दुसऱ्यातला स्थूल, असाही भेद केला आहे. परंतु मला खरे नवल वाटले ते पुढचे वाचून. रोगी निर्धन असेल आणि त्याला कोणी आप्तही नसेल तर काय करावे, ह्याचा तिथे वेगळा विचार आहे! अशा माणसाने जोडे न घालता, छत्री न घेता, भिक्षा मागत शंभर योजने चालावे, असा उपाय सुचवला आहे. म्हणजे हा रोग गरिबालाही होतो हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते. गरिबाच्या वाट्याला येणारा उपाय मात्र अनवाणी पायांनीच करावा लागणार, हेही बहुधा तेव्हापासूनच ठरून गेलेले दिसते.

आकड्यांची साक्ष

आता ग्रंथ बाजूला ठेवून आजच्या शिरगणतीकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर घरोघर जाऊन मधुमेहाची मोजणी झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात जे चार प्रदेश निवडले होते त्यांत आपला महाराष्ट्र होता. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले : महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी शेकडा ८.४ लोकांना मधुमेह. शहरांत हे प्रमाण शेकडा १०.९, तर खेड्यांत ६.५. पुढे सगळ्या राज्यांची मोजणी पुरी होऊन २०२३ साली जे आकडे प्रसिद्ध झाले त्यांप्रमाणे देशात मधुमेही प्रौढांचे प्रमाण शेकडा ११.४ आहे, म्हणजे दहा कोटींवर माणसे. उंबरठ्यावर उभे असलेले, म्हणजे साखर वाढलेली पण अजून मधुमेह न म्हणण्याजोगी, असे आणखी साडेतेरा कोटींच्या घरात. आणि रक्तदाब तर दर तीन प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना!

ह्या वाढीचे एक कारण आनंदाचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात गेले आहे. देवी गेल्या, पटकी हटली, बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. जे लोक पूर्वी पन्नाशी पाहतच नसत ते आज पन्नाशीनंतरची दुखणी भोगण्याइतके जगतात.

परंतु मावशींच्या प्रश्नाचे उत्तर ह्या बेरजेत नव्हते. ते होते २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा राज्यांच्या मोजणीवरच्या निबंधात. त्यात म्हटले आहे की, खेड्यांमध्ये अद्याप जुनाच नियम चालतो. सधन घरांत मधुमेह अधिक, निर्धन घरांत कमी. परंतु चंदीगड, तमिळनाडू आणि महाराष्ट्र अशा संपन्न प्रदेशांच्या शहरांत गणित उलटे झाले आहे. तिथे वरच्या थरापेक्षा खालच्या थरातल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले.

हा मजकूर मी दोनदा वाचला. शेटजींच्या माडीवरचा आजार जिना उतरून केव्हाच खाली आला होता, आणि मास्तरांना त्याची वार्ता नव्हती!

साहेब आणि शिपाई

हे आपल्याकडेच घडले असे नाही. पाश्चात्त्य देशांतही एके काळी हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार समजला जाई. जबाबदारीचे ओझे, मोठमोठे निर्णय, मेजवान्या आणि सिगार, ह्यांनी साहेबाचे हृदय थकते, असे लोक मानीत. लंडनमध्ये १९६७ साली ह्याची परीक्षा झाली. व्हाइटहॉल भागातील सरकारी कचेऱ्यांमधल्या सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची तपासणी करून त्यांच्यावर पुढे कित्येक वर्षे नजर ठेवण्यात आली. मायकेल मार्मट ह्या संशोधकाचे नाव ह्या कामाशी जोडले गेले आहे.

निष्कर्ष काय निघाला? सर्वांत खालच्या पायरीवरचे लोक, म्हणजे निरोपे, दारवान वगैरे, सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात हृदयविकाराने दगावत होते. मधल्या पायऱ्यांवरचे मधे. जितकी पायरी खाली तितका धोका वर! बरे, हे लोक भुकेकंगाल नव्हते. सर्वांना कायम नोकरी, सर्वांना सरकारी दवाखाना फुकट. खालचे लोक विड्या-सिगारेटी अधिक ओढतात म्हणावे, तर धूम्रपान, रक्तदाब, चरबी ह्या सगळ्यांचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लकच राहत होता. ज्याला आपल्या कामाचा वेग, वेळ आणि विसावा स्वतः ठरवता येत नाही त्याच्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते, असा ह्यावरून पुढे विचार सुरू झाला.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मावशींचा दिवस उभा राहिला. पहाटे साडेचारला नळाचे पाणी. सहाला पहिले घर, मग दुसरे, मग आमचे. पाच घरे, पाच घरच्या पाच तऱ्हा. "मावशी, उद्या जरा लवकर या" हे वाक्य पाचही घरांतून येते. "उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल" हे मी आमच्या घरात तरी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. आणि मी तीन तासिका झाल्या की "आज फार ताण पडला" म्हणत खुर्चीत बसतो!

ताटातला पालट

"पण मावशी तर दिवसभर राबतात. गोडधोड त्यांना कुठले रोज मिळायला?" असे माझ्या पत्नीने विचारले. वाचकांच्याही मनात हेच आले असेल.

पहिली गोष्ट अशी की, केवळ गोड खाल्ल्याने मधुमेह होतो ही समजूत अपुरी आहे. पोटात जाणाऱ्या भाकरी-पोळी-भाताचीही शेवटी साखरच होते. ती पेशींत पोचवणारे इन्सुलिन अपुरे पडले किंवा त्याचे चालेनासे झाले की ती रक्तात साठत जाते. तेव्हा प्रश्न डब्यातल्या लाडवांइतकाच रोजच्या ताटाचाही आहे.

खानदेशचे जुने ताट आठवून पाहा. दादर ज्वारीची भाकरी, नाही तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची. सोबत ठेचा, डाळ, हिवाळ्यात वांग्याचे भरीत, शेतातला भाजीपाला. गरिबाच्या ताटात ह्यातले सगळे नसेल, तरी कळण्याच्या भाकरीतून त्याच्या पोटात डाळ जाई. मावशी सांगतात, "माहेरी कळण्याची भाकर रोजची. गहू सणाला." आज शहरात उलट झाले आहे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात, आणि २०२३ पासून ते विनामूल्य मिळतात. उपाशी कोणी झोपू नये म्हणून ही सोय मोलाची आहे, ह्यात शंका नाही. परंतु रेशनच्या पिशवीतून भाजी येत नाही. चांगली दादर आज गव्हापेक्षा महाग पडते, डाळ परवडत नाही, दूध चहापुरते येते. अशा वेळी पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता? पोळी-भात, तेलाची फोडणी आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा. ह्या चहातले तीन कप आमच्यासारख्यांच्या घरचे असतात, आणि तो आम्ही "मावशी, साखर जरा जास्तच घातली आहे" असे सांगून प्रेमाने देत असतो.

आणखी एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला मधुमेह निघाल्यापासून आमच्या घरातले गोड खाणे बंद झाले. दिवाळीचे उरलेले लाडू, पाहुण्यांनी आणलेले पेढे, वाढदिवसाचा केक, हे सगळे आम्ही मावशींना देत होतो. "आपल्याला नको, त्यांच्या मुखी तरी लागेल", असा त्यामागे सद्भाव! आपल्या ताटातून रोग काढून आपण तो दुसऱ्याच्या डब्यात भरून देत आहोत, हे तीन वर्षांत एकदाही मनात आले नाही.

जन्माआधीचे माप

तरीही एक शंका उरतेच. मावशींचा बांधा किरकोळ. शेटजींचे पोट सुटलेले होते, मावशींच्या अंगावर मांस म्हणून नाही. मग?

ह्याचे उत्तर मिळवायला मला आधी इंग्लंडात आणि मग पुण्यात जावे लागले; अर्थात पुस्तकांतून. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका घरोघर फिरून नव्या बाळांची वजने टिपून ठेवीत. त्या वह्या दप्तरात पडून राहिल्या. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर ह्या संशोधकाने त्या बाहेर काढल्या आणि ती बाळे पुढे कशाने दगावली ह्याचा माग घेतला. १९८९ साली त्याने दाखवून दिले की, जी मुले जन्मतः वजनाने कमी होती त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण अधिक होते. पुढे मधुमेहाच्या बाबतीतही असाच संबंध दिसून आला.

आपल्याकडे हेच सूत्र पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुढे नेले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आहार, त्यांचे कष्ट आणि त्यांची बाळे ह्यांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हडकुळी. पण चमत्कार असा की, त्यांचे स्नायू आणि इतर अवयव जितके कमी भरलेले होते तितकी त्यांच्या अंगची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, असे हे बाळ. आईच्या पोटात अन्न कमी पडले तर शरीर टंचाईच्या हिशेबाने घडते. पुढे शहरात त्याच शरीराला तेल, साखर आणि मैदा मिळू लागला की तो हिशेब चुकतो. आईच्या रक्तात बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची वाण असली तर मुलात लहानपणीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती दिसते, असेही ह्याच अभ्यासातून पुढे आले. हे जीवनसत्त्व मिळते दूध, अंडी, मांस, मासळी ह्यांतून. आता आपल्या खेड्यातली आई डोळ्यांपुढे आणा. दूध डेअरीला जाते; उरलेले नवऱ्याला आणि मुलाला. ती जेवते सगळ्यांच्या शेवटी, पातेले निपटून.

मावशी दुष्काळाच्या साली, १९७२ मध्ये, जन्मल्या. "आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, तेव्हा मी पोटात होते," असे त्यांनीच एकदा सांगितले होते. त्यांच्या मधुमेहाचे मूळ तिथेच आहे असे मी छातीठोकपणे कसे म्हणू? एका माणसाच्या बाबतीत ते कोणालाच सांगता येणार नाही. परंतु माणसाचा धोका मोजायचा तर सुरुवात त्याच्या जिभेपासून न करता त्याच्या आईच्या ताटापासून करावी लागते, एवढे मला पटले आहे.

जन्माचा विषय निघालाच आहे तर आपल्या उत्तरेच्या सातपुड्याकडेही एकदा पाहिले पाहिजे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ह्या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल, पावरा वगैरे समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. हा तर सर्वस्वी आनुवंशिक. आईबाप दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी. इथे पैशाचा काय संबंध, असे वाटेल. परंतु रक्ताची साधी तपासणी लग्नाआधी झाली की नाही, रोजच्या गोळ्या पाड्यापर्यंत पोचल्या की नाही, आणि सांधे दुखून तळमळणाऱ्या पोराला रात्री दवाखान्यात न्यायला रस्ता आणि गाडी होती की नाही, ह्यावर त्या मुलाचे आयुष्य ठरते. २०२३ च्या जुलैमध्ये ह्या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचे यश प्रयोगशाळेइतकेच रस्त्यांवरही अवलंबून राहील.

एक रोग, दोन वाटा

आता माझी आणि मावशींची तुलना करून पाहा.

माझा मधुमेह सापडला तो महाविद्यालयातल्या वार्षिक तपासणीत, कोणताही त्रास होण्याच्या आधी. रक्त घ्यायला माणूस घरी येतो. डॉक्टरांकडे जायला मला पगारी रजा आहे. सकाळी बागेत फिरायला वेळ आहे, आणि पायांत चांगले बूट आहेत. मावशींचा मधुमेह सापडला तो तळवा भाजल्यावर. उपाशीपोटी रक्त द्यायचे तर सकाळी नऊपर्यंत थांबले पाहिजे. तोवर त्यांची दोन घरे झालेली असतात आणि दोन कप चहा पोटात गेलेला असतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत आहेत, तीस वर्षांवरील कोणालाही साखर आणि रक्तदाब तपासून घेता येतो. पण तिथली रांग ज्या वेळी लागते त्याच वेळी आमची भांडी घासायची असतात! एक खाडा झाला की एका दिवसाचा पैसा गेला, आणि तीन झाले की घर गेले.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली मोठ्या आजारांवरच्या उपचारांचा खर्च उचलणारी योजना राज्यात सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले धुळे होते. आज ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालते. मावशींच्या पायाची जखम चिघळून अखेर करंगळी काढावी लागली, तेव्हा सरकारी रुग्णालयात त्यांना शस्त्रक्रियेचे पैसे पडले नाहीत. परंतु घरी बसावे लागलेले अडीच महिने कोणत्या योजनेत बसतात? मुलगा सुरतेला यंत्रमागावर. तो दोन दिवस येऊन, थोडे पैसे ठेवून परत गेला. न जाऊन करतो काय?

आणि आम्ही? पहिल्या महिन्याचा पगार आम्ही मावशींना घरी नेऊन दिला. दुसऱ्या महिन्यात दुसरी बाई ठेवली. "घर चालायला नको का?" असे एकमेकांना सांगितले. पाच घरांपैकी दोघांनी तर कायमचीच दुसरी बाई लावून घेतली. ज्या गच्चीवर पाय भाजला ती आमची होती. हे घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पण जेवताना सगळे गप्प असत.

दाराबाहेरच्या चपला

श्रावणात मावशी परत आल्या. दुसऱ्या बाईंना शेजारी काम मिळवून दिले. त्या रात्री पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही एवढं वाचताय, त्यातून करायचं काय ते सांगा ना."

मी सांगू लागलो ते सरकारने काय करावे, रेशनवर ज्वारी-डाळ कशी द्यावी, संध्याकाळचे दवाखाने कसे उघडावेत. ती म्हणाली, "ते लिहा तुम्ही दिवाळी अंकात. मी घरातलं विचारतेय."

मग घरातले ठरले. दर तीन महिन्यांनी एक सकाळ मावशींना पगारी सुटी, तपासणीसाठी. आणि त्या दिवशी भांडी आम्ही घासायची. महिन्याला दोन खाडे बिनकपातीचे. चहा बिनसाखरेचा, मी घेतो तोच. उरलेले गोड कोणालाच द्यायचे नाही. मुळात उरेल इतके आणायचेच नाही. इमारतीतल्या चार बिऱ्हाडांशी पत्नी बोलली. तिघांनी मान्य केले. एक बाई म्हणाल्या, "आज एकीला दिलंत, उद्या सगळ्याच मागतील." पत्नी म्हणाली, "मागू देत की!"

एक गोष्ट मात्र ठरवायला अवघड गेली. डॉक्टरांनी बजावले होते की, मावशींनी ह्यापुढे घरातसुद्धा अनवाणी वावरायचे नाही. त्यासाठी मऊ तळव्याच्या चपला मिळतात. त्या आम्ही आणल्या. पण मावशी त्या घालून घरात येईनात. आपल्या घरांत कामाच्या बाईच्या चपला उंबरठ्याच्या आत येत नसतात, हा नियम आम्ही कधी बोलून दाखवला नव्हता. त्यांना तो सांगावाही लागला नव्हता. त्या म्हणाल्या, "नको ताई, देवघर आहे समोर." मी हजार पाने वाचली होती, पण ह्याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते माझ्या आईने दिले. पंच्याहत्तरीची बाई, सोवळ्याओवळ्याची. ती उठली, चपला स्वतः उचलून आत आणल्या आणि म्हणाली, "घाल बाई. देवाच्याही पायांत खडावा असतात."

ह्या दिवाळीत आमच्याकडून मावशींच्या घरी फराळाचे ताट जाईल. त्यात चिवडा असेल, शेव असेल, लाडू एकच असेल, त्यांच्या नातवासाठी. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली आहे. माझ्यापेक्षा अजून बरीच जास्त आहे, पण उतरते आहे. गेलेली करंगळी काही परत यायची नाही.

वाचकहो, आपल्याही घरी कोणी मावशी असतील, कोणी माळीदादा, कोणी वॉचमनकाका. फराळाच्या ताटाबरोबर त्यांना ह्या वर्षी एक सकाळ सुटी द्या, आणि कधी तपासून घेतले आहे का, एवढे विचारा. दाराबाहेर त्यांच्या चपला असतील, त्यांच्याकडेही एकदा पाहा. दीपावलीच्या शुभेच्छा!